समुद्रकाठचे अध्यासन

१९९९ सालचा पावसाळा. कारगिलचे युद्ध नुकतेच संपले होते. एका जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवीत असे आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर माझ्याकडे होता. राष्ट्रीय सुरक्षा, सत्तासमतोल, सामुदायिक संरक्षण असे जड जड शब्द फळ्यावर लिहीत असता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचा थोरला भाऊ सैन्यात होता आणि दोन महिने घरी त्याचे पत्र नव्हते. मुलगा म्हणाला, "सर, हे शिकून लढाई टळते का?"

मी म्हणालो, "टळत नाही रे, पण कळते!" वर्ग हसला. तो हसला नाही, खाली बसला. अशी टाळीची उत्तरे आम्हां शिक्षकांना फार लवकर सुचतात, हा आमच्या धंद्याचाच दोष आहे.

दिवाळीच्या सुटीत, हा विषय विद्यापीठात मुळात शिरला कसा, याचा शोध घेऊ लागलो आणि ओशाळलो. कारण त्या मुलाचा प्रश्न विचारण्यासाठीच तो जन्माला आला होता.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅबरिस्टविथ नावाचे लहानसे गाव आहे. (मी ते चित्रांतच पाहिले आहे.) रेल्वेच्या भरभराटीच्या दिवसांत एका ठेकेदाराने तेथे समुद्राला अगदी लागून एक टोलेजंग हॉटेल बांधायला घेतले, आणि ते पुरे होण्यापूर्वीच त्याचे दिवाळे वाजले. ती अर्धवट इमारत दहा हजार पौंडांना घेऊन १८७२ साली वेल्सच्या लोकांनी तीत आपले कॉलेज थाटले. ते चालावे म्हणून प्रार्थनामंदिरांतून वर्गणी जमे. खाणीतले मजूर आपली पेनी त्यात टाकीत. आपल्याकडच्या अंताजीपंत काळ्यांच्या पैसा फंडाची गोष्ट ज्यांनी घरात ऐकली असेल, त्यांना ह्या पेनीची किंमत सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात ह्या कॉलेजातली कितीतरी मुले गेली ती परत आली नाहीत. त्यांचे स्मारक करावे असे डेव्हिड डेव्हिस यांच्या मनात आले. आजोबांनी कोळशावर आणि रेल्वेवर मिळविलेल्या अफाट संपत्तीचे हे वारस, पार्लमेंटचे सभासद, आणि स्वतः पलटण घेऊन फ्रान्समध्ये लढून आलेले. त्यांच्या दोघी बहिणी, ग्वेंडोलिन आणि मार्गारेट, युद्धकाळात फ्रेंच सैनिकांसाठी उपाहारगृह चालवीत होत्या. तिघा भावंडांनी मिळून २०,००० पौंड दिले आणि १९१९ साली आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन स्थापन झाले. जगातले ह्या विषयाचे पहिले अध्यासन म्हणून ते ओळखले जाते. कमान नाही, पुतळा नाही. मेलेल्या मुलांच्या नावाने एक खुर्ची, आणि तीवर बसून पुन्हा असे का होऊ नये याचा विचार करणारा एक प्राध्यापक! पुढे तिला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे नाव दिले गेले.

पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न प्राचीन ग्रीसचे गाढे अभ्यासक. ते दोनच वर्षांत गेले. कारण खासगी होते, फराळाच्या ताटावर ते सांगत बसत नाही. त्यांच्यामागून आलेल्या चार्ल्स वेबस्टर यांनी दहा वर्षे हे पद सांभाळले. खरी कथा १९३६ पासूनची.

त्या साली ई. एच. कार आले. वीस वर्षे ब्रिटिश परराष्ट्र खात्यात काढलेला माणूस; १९१९ ची पॅरिसची शांतता परिषद त्याने आतून पाहिलेली. डेव्हिस यांच्या मनात दुसरा उमेदवार होता, पण निवड कार यांची झाली. राष्ट्रसंघावर डेव्हिस यांची निष्ठा. आणि राष्ट्रसंघ म्हणजे भाबड्यांचा खेळ, असे त्यांच्याच पैशाच्या खुर्चीवर बसून कार सांगू लागले. ज्याचे पोट भरलेले असते त्यालाच शांतता साऱ्या जगाच्या हिताची वाटते, हा कार यांचा मुद्दा. तो झोंबणारा होता आणि बराचसा खरा होता.

डेव्हिस मात्र भाबडे नव्हते. कायद्यामागे दंडुका लागतोच, म्हणून राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय पोलीस दल उभारावे, असे ते वर्षानुवर्षे सांगत होते. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या पुढाकाराने कार्डिफ येथे उभारलेल्या शांतिमंदिराचे उद्‌घाटन झाले. त्यासाठी राजा नाही, पंतप्रधान नाही, डाउलेस गावची मिनी जेम्स ही बाई बोलावली होती. तिचे तीन मुलगे युद्धात गेले होते. तिने किल्ली फिरविली. दोनच महिन्यांपूर्वी म्यूनिकला चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरच्या पदरात पडला होता.

ह्या म्यूनिकच्या कराराला कार यांनी आपल्या पुस्तकात शहाणपणाची तडजोड म्हणून उचलून धरले. 'द ट्वेंटी इयर्स क्रायसिस' हे ते पुस्तक बाहेर पडले १९३९ च्या सप्टेंबरात, म्हणजे हिटलरचे रणगाडे पोलंडात शिरले त्याच महिन्यात! स्वप्नाळूंचे दोष अचूक दाखविणारा हा वास्तववादी डोळ्यांसमोरच्या वास्तवालाच फसला. १९४६ च्या दुसऱ्या आवृत्तीत म्यूनिकची ती वाक्ये गळालेली आहेत. एवढे असूनही पुस्तक मोठे आहे. केवळ सत्तेचा विचार करणाऱ्यालाही पुढे वाट सापडत नाही, हे त्यात कार यांनीच लिहून ठेवले आहे.

डेव्हिस यांना ही दुसरी आवृत्ती दिसली नाही. १९४४ च्या जूनमध्ये ते वारले. त्याच सप्टेंबरात त्यांचा मुलगा मायकेल रणांगणावर मारला गेला. पहिल्या युद्धातल्या मुलांसाठी ज्याने खुर्ची मांडली, त्याच्या घरातला मुलगा दुसऱ्या युद्धाने नेला. तीन वर्षांनी कार यांनीही ती खुर्ची सोडली.

त्या सुटीनंतर मी वर्षाचा पहिला तास बदलला. व्याख्या बाजूला ठेवून हॉटेलपासून सुरुवात करू लागलो, मिनी जेम्सपर्यंत येऊ लागलो, आणि कार यांचे पुस्तक दोन्ही आवृत्त्यांतला फरक सांगूनच शिकवू लागलो. त्या तासाला वर्ग फारसा हसत नसे.

त्या मुलाचा भाऊ सुखरूप परत आल्याचे मला त्याच्या गावच्या पोस्टमनकडून कळले. मुलगा स्वतः नंतर माझ्या तासाला पुढच्या बाकावर बसे, पण वर्ष संपेपर्यंत त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही.