फिरती शेती: उपग्रहाच्या नजरेतून निसटलेले दारिद्र्य

डोंगरउतारावरील रानाचा एक तुकडा तोडायचा, तो वाळला की जाळायचा, त्या राखेवर एक-दोन वर्षे पीक घ्यायचे आणि मग जमीन पुन्हा रान वाढण्यासाठी सोडून दुसऱ्या तुकड्याकडे वळायचे, ही फिरत्या शेतीची पद्धत होय. ईशान्य भारतात ती ‘झूम’ या नावाने ओळखली जाते. रायगडमधील ‘दळी’ आणि गोव्यातील ‘कुमेरी’ हे तिचेच प्रकार. या शेतीखाली किती जमीन आहे आणि तिच्यावर जगणारी कुटुंबे किती गरीब आहेत, याची मोजणी वरवर तांत्रिक वाटते. प्रत्यक्षात नकाशावर जमिनीला कोणते नाव मिळते, यावर शेतकऱ्याचे बरेच काही अवलंबून असते.

विश्रांतीचे चक्र

झूमसाठी हिवाळ्यात झाडोरा तोडला जातो, मार्चच्या सुमारास जाळला जातो आणि पावसाच्या तोंडावर पेरणी होते. एकाच शेतात भात, मका, मिरची, आले, अळू अशी मिश्र पिके घेतली जातात. जमिनीचा कस टिकतो तो नंतरच्या विश्रांतीमुळे. पूर्वी ही विश्रांती वीस-तीस वर्षांची असे. लोकसंख्यावाढ आणि जमिनीची टंचाई यांमुळे अनेक ठिकाणी ती चार-पाच वर्षांवर आली आहे. मेघालयात दीर्घकाळ संशोधन करणारे पर्यावरणतज्ज्ञ पी. एस. रामकृष्णन यांनी किमान दहा वर्षांच्या चक्राची गरज दाखवून दिली होती. चक्र आखडले की उत्पन्न घटते, तण वाढते आणि माती वाहून जाते.

एक जमीन, तीन नावे

उपग्रहाला जमीन एका विशिष्ट क्षणी दिसते. जळलेला तुकडा चटकन ओळखू येतो. पण सहा वर्षे विश्रांती घेत असलेल्या जमिनीवर बांबूचे रान माजलेले असते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर दहा टक्के वा अधिक वृक्षछत्र असेल, तर ते वनाच्छादन ठरते. मालकी कोणाची, हे पाहिले जात नाही. त्यामुळे विश्रांतीतील शेत ‘वन’ म्हणून मोजले जाते आणि पुन्हा तोडले की ‘वनांची घट’ म्हणून. २०२१ च्या अहवालात ईशान्येकडील राज्यांत १,०२० चौरस किलोमीटर वनाच्छादन घटल्याची नोंद आहे. घटीच्या कारणांत झूमचे नाव नेहमी घेतले जाते.

केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात मात्र हीच जमीन चालू झूम किंवा सोडलेली झूम म्हणून ‘पडीक’ ठरते. गावाच्या लेखी ती शेती असते. एकाच जमिनीला अशी तीन नावे आहेत.

दारिद्र्याचा दुसरा नकाशा

दारिद्र्य मोजण्याची पद्धत निराळी आहे. निती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांवरील बारा निकषांवर आधारलेला आहे. २०२३ च्या अहवालानुसार मेघालयातील २७.७९ टक्के लोक बहुआयामी गरीब होते. मिझोराममध्ये हे प्रमाण ५.३० टक्के, तर देशात १४.९६ टक्के होते. झूम असलेल्या दोन राज्यांतील हा फरक पाहता शेतीच्या पद्धतीवरच दारिद्र्याचे खापर फोडणे घाईचे ठरेल. रस्ता, शाळा, दवाखाना आणि बाजार किती दूर आहे, हेही पाहावे लागते. जिल्ह्याच्या सरासरीत दुर्गम गावाची स्थिती दिसत नाही.

या बाबतीत लाओसमधील काम उद्बोधक आहे. तेथे २००५ च्या जनगणनेच्या आधारे गावपातळीपर्यंतचे दारिद्र्याचे अंदाज बांधण्यात आले आणि २००८ मध्ये देशाचा सामाजिक-आर्थिक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. पाठोपाठ २००९ मध्ये संशोधकांनी एकेक तुकडा सुटा न पाहता सभोवतालची शेते, झुडपे आणि रान यांची सरमिसळ एकत्र पाहण्याची पद्धत मांडली. त्यामुळे विश्रांतीतील जमीन फिरत्या शेतीचाच भाग म्हणून दिसू लागली आणि तिथे राहणारे लोक कोण, हाही प्रश्न विचारता आला.

नोंदीचा प्रश्न

ईशान्येतील बरीच झूम जमीन गावाच्या वा कुळाच्या सामाईक मालकीची असते. वैयक्तिक कागद नसल्याने बँकेचे कर्ज मिळणे अवघड जाते. शिवाय कृषी खाते आणि वन खाते या जमिनीकडे वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात. मिझोरामने २०११ मध्ये नव्या भू-वापर धोरणाखाली झूम सोडणाऱ्या कुटुंबांना अर्थसाह्य देण्याची मोठी योजना सुरू केली. नागालँडमधील खोनोमा येथे शेतातच अल्डरची झाडे राखून कस टिकविण्याची जुनी पद्धत आहे.

निती आयोगाच्या २०१८ मधील अहवालाने झूम जमिनीला शेतजमीन म्हणून मान्यता देण्याची आणि शेतकऱ्यांना पतपुरवठा सुलभ करण्याची शिफारस केली. विश्रांतीतील जमीनही शेतीच आहे, हे नकाशाने मान्य केले, तरच झूमिया शेतकऱ्याला अतिक्रमक न समजता शेतकरी म्हणून मदत देता येईल.