कोसंबी ‘पसरले’ नव्हते

दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाव निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘काय अफाट बुद्धी!’ आणि मग जरा आवाज उतरवून, ‘पण गणितातच राहिले असते तर...’ या अर्धवट सोडलेल्या वाक्यात करिअरविषयीचं आपलं सगळं तत्त्वज्ञान येऊन जातं. आधी ध्येय ठरवा, मग सरळ वाट धरा. मध्येच वळणारा तो धरसोड्या. एक ना धड, भाराभर चिंध्या. दहावीनंतरच्या मार्गदर्शन शिबिरापासून ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ या मुलाखतीतल्या प्रश्नापर्यंत हाच पूर्वपक्ष वेगवेगळे कपडे घालून उभा असतो.

तो अगदीच पोकळ आहे असं नाही. एखाद्या विषयात मुरायला वर्षं जातात आणि आयुष्य एकच असतं. शिवाय कोसंबींची नुसती यादी वाचली तर कुणालाही गरगरेल. 1929 मध्ये हार्वर्डची पदवी. बनारस, अलीगढ आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गणिताचं अध्यापन. 1944 मध्ये आनुवंशशास्त्रातला एक निबंध. 1948 मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, 1956 मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा जाडजूड ग्रंथ. हा बायोडाटा आज कुठल्याही कंपनीत गेला तर पहिल्या चाळणीतच बाजूला पडेल.

पण यादी एक गोष्ट लपवते: एका नोंदीतून दुसरी कशी निघाली ते. तेच पाहू.

कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचं होतं, आणि ते पुस्तकातल्या उदाहरणांवर शिकण्यापेक्षा हाताला खरा प्रश्न हवा, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी प्रश्न घेतला तो नाण्यांचा. चलनात असलेलं नाणं हातोहाती झिजतं. एकाच टांकसाळीतून एकाच वजनाची निघालेली नाणी काही वर्षांनी तोलली तर सरासरी वजन घटलेलं असतं, आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढलेला असतो, कारण काही जास्त फिरलेली असतात, काही कमी. हे आधी त्यांनी आपल्या काळातल्या चालू नाण्यांवर पडताळून पाहिलं. एकेक नाणं तराजूत टाकायचं, वजन लिहायचं, पुढचं उचलायचं; अशी हजारो नाणी. मग हीच रीत तक्षशिलेच्या भीर टेकाडात सापडलेल्या चांदीच्या आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेल्या, नाण्यांना लावली. नाणं जितकं जुनं तितकी त्याच्या मागच्या बाजूला ठशांची गर्दी, आणि ठसे वाढतात तसं वजन उतरतं, हे आकड्यांतून दिसू लागलं. ज्या नाण्यांवर ना राजाचं नाव ना साल, त्यांचा निदान आगेमागेचा क्रम लावता येऊ लागला.

इथं संख्याशास्त्राचा प्रश्न सुटला. पण नाणी पाडली कुणी, कुणाच्या व्यापारासाठी, हे वजनकाटा सांगत नाही. त्यासाठी जुने ग्रंथ वाचायला हवेत, म्हणजे संस्कृत हवं. संस्कृताचा हात बसवायला भर्तृहरी घेतला, तर त्याचा भरवशाचा पाठच उपलब्ध नाही. प्रत्येक प्रतीत श्लोक वेगळे, क्रम वेगळा. मग शेकडो हस्तलिखितं एकमेकांशी ताडून पाठ ठरवणं आलं. आणि ग्रंथांतून समाज पुरता हाती येत नाही हे कळल्यावर हा गणिताचा प्राध्यापक काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवू लागला. गावापासून लांब, उजाड माळावर एखाद्या देवीचं ठाणं का असतं? तिथल्या मातीत नखाएवढी दगडी पाती सापडली, तेव्हा त्यांनी ती ठाणी इतिहासपूर्व भटक्या पशुपालकांच्या वाटांशी जोडून दाखवली. पंढरीच्या वारीची वाटही त्यांनी याच नजरेनं पाहिली. हे निष्कर्ष सगळेच्या सगळे टिकले असं मी म्हणत नाही. इतिहासकारांनी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला आहे. मुद्दा वाटेचा आहे. यात ‘गणित सोडून इतिहासाकडे वळले’ तो क्षण कोणता, ते दाखवा. सापडत नाही. प्रश्न सुटला, त्याची बाकी उरली, आणि बाकी ज्या विषयात होती तिकडे माणूस गेला, तोही आधीची हत्यारं बरोबर घेऊन.

धरसोड आणि वळण यांत मी फरक करतो तो इथं. धरसोडीत माणूस कंटाळून निघतो आणि नव्या ठिकाणी कोरा पोचतो. वळणात जुनं काम त्याला ढकलतं आणि नव्या ठिकाणी उपयोगी पडतं. दिशा आहे की नाही हे पुढे बोट दाखवता येण्यावर ठरत नाही. मागून काय आणलं यावर ठरतं.

ध्येयवाद्यांना हवं तर दामोदररावांच्या वडिलांचं उदाहरण घ्यावं. धर्मानंद कोसंबी यांनी गोव्यातल्या सांखवाळला ‘बालबोध’ मासिकात बुद्धचरित्र वाचलं आणि एकच ध्यास घेतला, बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा. ध्येय याहून स्पष्ट काय असतं? पण वाट पाहा: पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, कलकत्ता, बडोदे, हार्वर्ड, शेवटी 1930 साली शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंग. ध्येय पक्कं असूनही रस्ता सरळ झाला नाही. हार्वर्डच्या प्राच्यग्रंथमालेत 41वा ग्रंथ धर्मानंदांनी संपादित केलेला ‘विसुद्धिमग्ग’ आहे आणि 42वा दामोदररावांनी वि. वि. गोखल्यांबरोबर केलेला ‘सुभाषितरत्नकोश’. एक ध्येयानं निघाला होता, दुसरा नाण्यांच्या वजनानं.

आता दुसऱ्या बाजूचे लोक खूश होतील. त्यांचं म्हणणं, भटका हवं तसं, कुठलाच अनुभव वाया जात नाही, मागे वळून पाहिलं की ठिपके जुळतातच. हाही तितकाच आळशी पूर्वपक्ष आहे. ठिपके जुळतात असं सांगणारे बहुतेक यशस्वी झालेले असतात. ज्यांचे जुळले नाहीत त्यांना भाषणाला कुणी बोलावत नाही. खुद्द कोसंबींचं पाहा. संख्याशास्त्राचं हत्यार सगळीकडे चालतं हा त्यांचा विश्वास त्यांना 1959 मध्ये गणितातल्या अत्यंत अवघड अशा रीमान गृहीतकापर्यंत घेऊन गेला. सिद्धता म्हणून त्यांनी जे मांडलं ते छापून आलं शेतीविषयक संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ते टिकलं नाही आणि गणितज्ञांमधली त्यांची पत खालावली. 1962 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली त्यांची नोकरीही संपली. नाण्यांवर जी सवय दिशा ठरली, तीच इथं घात करून गेली.

‘ते कोसंबी होते, आपलं काय?’ हा आक्षेप उरतो. समजा, एखादी परिचारिका पुढे रुग्णालयाच्या बिलांच्या टेबलावर बसते आणि नंतर विमा कंपनीत दावे तपासते. कागदावर तीन धंदे. पण कुठल्या आजाराला किती दिवस खाट लागते हे तिला वॉर्डात कळलेलं असतं, म्हणून फुगवलेलं बिल ती पहिल्या नजरेत पकडते. यात अफाट बुद्धी लागत नाही. लागतं ते एवढंच, की ‘आधीचं सोडून का आलात?’ असं विचारणाऱ्यानं ‘आधीचं काय घेऊन आलात?’ असंही विचारावं.

आणि एक गोष्ट दोन्ही पक्ष सोयीनं विसरतात: वळणाचा खर्च. दामोदररावांच्या नाण्यांना, पोथ्यांना आणि टेकड्यांना वर्षानुवर्षं गणिताच्या पगाराचा आधार होता. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला जाऊन येऊन त्यांनी टाटा संस्थेतली नोकरी केली. धर्मानंदांनी कलकत्त्याची पाली शिकवण्याची नोकरी सोडली ती महाराष्ट्रात राहून काम करता यावं म्हणून, सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या महिना 50 रुपयांवर. त्याच्याही आधी, 1899 च्या अखेरीस ते ज्ञानाच्या शोधात घराबाहेर पडले तेव्हा घरी बायको आणि तान्ही मुलगी होती. ‘निवेदन’ हे त्यांचं आत्मकथन वाचताना आपण त्यांच्याबरोबर काशीला आणि नेपाळला जातो. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी बाळाबाईंनी ती वर्षं कशी काढली, याचा हिशेब ध्येयाच्या खात्यावरही मांडला जात नाही आणि भटकंतीच्याही.