अक्रम-सक्रम : भाड्याच्या खोल्यांचा हिशेब

कानडी सरकारी कागदांतले ‘अक्रम-सक्रम’ हे जोडनाव आम्हा बेळगावकर मराठी माणसांना अनुवादावाचून कळते. नियम मोडून जे बांधले ते शुल्क भरून नियमात बसवून घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यात मालकाचा पैसा, शेजाऱ्याचा उजेड आणि भाडेकरूचा निवारा अशा तीन गोष्टी अडकल्या आहेत.

या खोल्या आल्या कुठून? भावाभावांत वाटण्या झाल्या, परसात खोल्या उठल्या. 1998 साली विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ इथे आले, शिकायला येणारी मुले वाढली. मग राहण्यासाठी नव्हे, केवळ भाड्यासाठी घरे घेणारेही निघाले. नकाशात दोन मजले, प्रत्यक्षात तीन!

2007 साली कर्नाटकाने नगररचना कायद्याच्या आधारे अशी बांधकामे नियमित करण्याची वाट काढली. 2014 च्या नियमांत निवासी इमारतींना 50 टक्क्यांपर्यंत आणि इतरांना 25 टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन शुल्क घेऊन माफ होणार होते. पात्रतेची तारीख सरकत सरकत 19 ऑक्टोबर 2013 वर आली. डिसेंबर 2016 मध्ये उच्च न्यायालयाने योजना ग्राह्य धरली; जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

सीमेपलीकडेही चित्र फारसे वेगळे नाही. महाराष्ट्राचा 2001 चा गुंठेवारी कायदा 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या वस्त्यांसाठी होता. 2021 मध्ये ती मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली. दोन्ही राज्यांनी शेवटची म्हणून दिलेली संधी शेवटची ठरली नाही. नियम पाळून मोकळी जागा सोडणारा मात्र प्रत्येक वेळी मूर्ख ठरला.

म्हणून सरसकट माफी मला मान्य नाही. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले, की काळ लोटला किंवा पैसा गुंतला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. पण सरसकट हातोडाही मला पटत नाही, कारण भिंत मालकाची पडते आणि रस्त्यावर भाडेकरू येतो.

माझ्या मते कसोटी टक्क्यांची नसावी, खोलीची असावी. तिला खिडकी आहे का? आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? पाया वरचा मजला पेलतो का? उणीव दुरुस्त होणारी असेल तर मालकाने आधी ती दुरुस्त करावी, शुल्क भरावे आणि मगच खोलीला मान्यता मिळावी. दुरुस्त होणारी नसेल तर भाडेकरूला दुसरी जागा शोधायला अवधी द्यावा आणि खोली बंद करावी. गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याने हा खर्च आधीच हिशेबात धरावा. शुल्काच्या पावतीने कागद सक्रम होईल. अंधाऱ्या खोलीत उजेड काही येणार नाही.