जमात पडताळणी (महाराष्ट्र)

जमात पडताळणी ही उमेदवाराचा अनुसूचित जमातीचा दावा तपासण्याची महाराष्ट्रातील अर्धन्यायिक प्रक्रिया आहे. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांत या जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव असून, त्यांवरील प्रवेशासाठी जमातीच्या दाखल्याबरोबर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत प्रवेश देताना वंश विचारात घ्यावा का, हाच वाद होता. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत अवैध ठरवली. भारतात आरक्षणाला राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(४) चा आधार असल्याने येथील वाद प्रामुख्याने जमातीचा खरा सदस्य कोण, याविषयी आहे.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. या परिसरात महादेव कोळी व ठाकर जमातींची वस्ती आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापूर्वी अनेक जमातींना ठरावीक क्षेत्रापुरतीच मान्यता होती. ठाकर जमातीच्या क्षेत्रात अकोले तालुक्याचा समावेश होता. क्षेत्रबंधन उठल्यावर इतर भागांतील कुटुंबांनाही दावा करता येऊ लागला. मात्र 'कोळी' हे नाव अनुसूचित जमातीत नसलेले समाजही लावतात. या नामसाधर्म्यातून अनेक वाद उद्भवले.

न्यायालयीन निर्णय

'माधुरी पाटील' खटला (१९९४) महादेव कोळी असल्याच्या दाव्यावर घेतलेल्या वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशातून उद्भवला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या व दक्षता पथकांची कार्यपद्धती घालून दिली. 'मिलिंद' खटल्यात (२०००) हलबा-कोष्टी हे 'हलबा' या नोंदीत येत नाहीत, असे घटनापीठाने ठरवले. संबंधित विद्यार्थ्याची वैद्यकीय पदवी मात्र कायम ठेवली. राज्याच्या २००० च्या अधिनियमाने दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर टाकली आणि खोट्या दाखल्यावर मिळवलेली पदवी रद्द करण्याची तरतूद केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदींची काटेकोर अंमलबजावणी आवश्यक मानली.

मतभेद

कठोर पडताळणीच्या समर्थकांच्या मते, खोट्या दाव्यावर भरलेली प्रत्येक जागा डोंगराळ भागातील एका विद्यार्थ्याची संधी हिरावते. राजूरचे मधुकर पिचड, जे राज्याचे आदिवासी विकासमंत्री होते, त्यांनी धनगर समाजाचा अनुसूचित जमातीत समावेश करण्यास विरोध केला होता.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप पुराव्यांच्या स्वरूपावर आहे. १९५० पूर्वीच्या शाळा किंवा महसूल नोंदींना मोठे महत्त्व दिले जाते. परंतु ज्यांचे आजोबा-पणजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांच्याकडे अशा नोंदी नसतात. जुन्या कागदांत नुसते 'कोळी' लिहिलेले असल्यास अडचण वाढते. चालीरीती, देवदेवता व बोली तपासणारी आप्तभाव चाचणीही वादग्रस्त ठरली. ठाकूर जमातीसंबंधीच्या प्रकरणात मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी निर्णायक कसोटी नसल्याचे सांगितले. स्थलांतर, शिक्षण व आधुनिक जीवनामुळे पारंपरिक खुणा पुसल्या जाऊ शकतात, याची दखल घेतली. त्यामुळे शिकून गावाबाहेर पडलेल्या कुटुंबातील मुलांना केवळ जुन्या चालीरीती ठाऊक नाहीत म्हणून नाकारता येत नाही.