सहा फूट आठ इंचांचा माणूस

ह्यांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा "हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार" असं सांगणारे पुष्कळ भेटले. मी इतिहासाची शिक्षिका, विज्ञान माझा विषय नव्हे. पण एखादी समजूत कुठून आली आणि कधी मोडली हे शोधायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

इस्ट्रोजेन म्हणजे स्त्रियांचं संप्रेरक, हे तर सगळेच ऐकून असतात. ते पेशीत जाऊन काम कसं करतं, ते मात्र बराच काळ कोडंच होतं. शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना टोचलं. गर्भाशयानं ते धरून ठेवलं, स्नायूंतून ते निघून गेलं. म्हणजे काही पेशींत या किल्लीसाठी कुलूप असणार! १९५८ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा समोर पाच जण बसले होते, आणि त्यातले तिघे त्याच सत्राचे वक्ते. (वर्गात पाच मुलं असली तर आम्ही तास रद्द करत असू.) त्या कुलपाचं जनुक १९८६ पर्यंत हाती आलं. ते सहाव्या गुणसूत्रावर असतं, पुरुषांतही.

हे जनुक पूर्ण बिघडलं तर गर्भ जगणारच नाही, असं तेव्हा मानलं जाई. १९९४ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या एरिक स्मिथ आणि सहकाऱ्यांनी एका २८ वर्षांच्या पुरुषाची हकिकत प्रसिद्ध केली आणि तो समज गेला. उंची २०४ सेंटिमीटर, आणि अजून वाढतच होती. गुडघे आत वळत चालले होते. हाडांचं वय १५ वर्षांच्या मुलाचं, आणि ती ठिसूळ. पुरुषी संप्रेरक व्यवस्थित होतं, रक्तात इस्ट्रोजेन तर जास्तच. मग कमी काय? त्या जनुकातलं एक अक्षर बदललं होतं आणि प्रथिन अर्धवटच तयार होत होतं. वरून इस्ट्रोजेन देऊनही फरक पडला नाही. कुलूपच नाही तर किल्ल्या कितीही द्या! आईवडील नात्यातले होते, दोघांकडे बिघडलेली एकेक प्रत.

मुलगा असो वा मुलगी, वाढ थांबवून हाडं पक्की करायला इस्ट्रोजेन लागतं, हे त्या एका माणसामुळे स्वच्छ दिसलं. अशा एका रुग्णाचं मोल मला हजार आकड्यांहून जास्त वाटतं.

तुमच्याआमच्यात मात्र त्या जनुकाचे बारीकसारीक फरक असतात. त्यांच्यावर नव्वदच्या दशकात अभ्यासांचं पीक आलं. कुणी म्हणे अमुक फरकानं हाडं ठिसूळ होतात, कुणी म्हणे नाही. शेकडा-दोनशे माणसं मोजून काढलेले निष्कर्ष असेच फिरायचे. २००४ मध्ये युरोपातल्या १८,९१७ जणांची माहिती एकत्र केली गेली. एका फरकाच्या दोन्ही प्रती असलेल्या स्त्रियांत हाड मोडण्याची शक्यता १९ टक्के कमी निघाली, मणक्याची ३५ टक्के. गंमत म्हणजे हाडांच्या घनतेत काहीच फरक नव्हता! पुढे २०१२ मध्ये घनतेशी संबंध असलेल्या ५६ जागा सापडल्या. हे जनुक त्यातली फक्त एक.

आता जनुकं तपासून भविष्य सांगणारी पाकिटं घरपोच मिळतात. ह्यांच्यासाठी एक मागवू या, असं मुलगा म्हणत होता. मी त्याला आधी घनतेची तपासणी करून घ्यायला लावली.