मूल कोणाचे? : वकिलाच्या शोधातला एक इतिहास

कोळगावात आज पालघर जिल्ह्याचे मुख्यालय आहे. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. जिल्हा न्यायालयाचे काम निघाले की ठाणे गाठावे लागे. रोजंदारीवरच्या बाईला एक तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि वर गाडीभाडे.

मी शाळेत होतो तेव्हा माझ्या मावशीने हा प्रवास केला. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता आणि सात वर्षांचा मुलगा आपल्याकडे ठेवून घेतला होता. एका वकिलाने फी सांगितली, ती तिच्या आवाक्याबाहेरची होती. दुसरा म्हणाला, “पोरगा पाच वर्षांवरचा, म्हणजे बापाचा.” मावशी परतली, ती पुन्हा गेलीच नाही.

तो वकील अर्धाच कायदा सांगत होता. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात बाप पहिला, त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालील मूल मात्र सामान्यतः आईकडे. पण त्याच कायद्याचे तेरावे कलम मुलाचे हित सर्वश्रेष्ठ मानते. ते त्याने सांगितले नाही.

पालकत्वाचा विषय बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलातही होता. ते बिल रखडवले गेले आणि १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. पुढे त्याचे तुकडे पाडून कायदे झाले, पण बापाचा अग्रमान तसाच राहिला. त्याला तडे गेले ते बायका न्यायालयात उभ्या राहिल्या म्हणून. १९७० साली जिजाबाई विठ्ठलराव गजरे यांच्या जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानले, की बाप हयात असूनही मुलीकडे पाहत नसेल तर आईच नैसर्गिक पालक. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात ‘नंतर’ याचा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ एवढाच नाही, हे ठरले.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १९५६ चा हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. वारली बाईच्या अर्जात रूढी आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा पाहावा लागतो. हे न जाणणारा वकील तिचे नुकसानच करील.

आणि फीचे काय? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या बाराव्या कलमाने स्त्रीला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मोफत वकील मागता येतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मावशी गेली तेव्हाही हा कायदा होता. तिला तो कोणी सांगितला नाही. तिचा मुलगा बापाकडेच वाढला.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि माझ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे : अशी बाई दारात आली तर तिला नशीब सांगू नका. विधी सेवा समितीचा अर्ज तिच्याबरोबर बसून भरा आणि पहिल्या तारखेला तिच्याबरोबर जा. हक्क कागदावर येण्यासाठी आपली माणसे झगडली. तो कागद बाईच्या हाती पोचवणे हे आपले काम आहे.