फलन (गणित)

एका संचातील प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातील एक आणि एकच घटक जोडून देणारा संबंध. अ आणि ब या संचांमधील संबंध म्हणजे (क्ष, य) अशा क्रमित जोड्यांचा कोणताही संच. क्ष हा अ मधला, य हा ब मधला. तो फलन ठरायला दोन अटी आहेत : अ मधला एकही घटक जोडीविना राहता कामा नये आणि कोणालाही दोन जोडीदार असता कामा नयेत. अ हा फलनाचा प्रांत, ब हा सहप्रांत.

दोन्ही अटी अ वर आहेत, ब वर नाहीत. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो. ब मधले काही घटक वापरलेच गेले नाहीत, किंवा एकच घटक अनेकांच्या वाट्याला आला, तरी फलनाला बाध येत नाही. प्रत्येक व्यक्तीला तिच्या जन्मदात्या आईशी जोडणारा संबंध फलन आहे. भावंडांची आई एकच असली म्हणून काही बिघडत नाही. आईकडून अपत्यांकडे जाणारा संबंध मात्र फलन नव्हे. सर्व वास्तव संख्यांवर य = क्ष² हे फलन आहे. क्ष = य² या संबंधात ४ ला २ आणि −२ असे दोन जोडीदार मिळतात आणि ऋण संख्यांना एकही मिळत नाही, म्हणजे दोन्ही अटी मोडतात. प्रांतातून ऋण संख्या वगळून य ऋण नसावा असे ठरवले, की वर्गमूळ हे फलन हाती येते. तीन घटकांच्या संचातून दोन घटकांच्या संचात एकूण ६४ संबंध संभवतात. त्यांतले फक्त ८ फलने असतात.

आलेखावर एकमेवतेची अट चटकन तपासता येते : कोणत्याही उभ्या रेषेने आलेखाला एकाहून अधिक बिंदूंत छेदता कामा नये. क्ष² + य² = २५ हे वर्तुळ क्ष = ३ पाशीच या कसोटीत नापास होते.

या व्याख्येत सूत्राचा उल्लेख नाही, आणि हेच तिचे सामर्थ्य. ऑयलर यांनी १७४८ मध्ये फलन म्हणजे चल व स्थिर राशींची वैश्लेषिक मांडणी असे म्हटले होते. १७५५ मध्ये त्यांनीच एका राशीचे दुसरीवरील अवलंबन पुढे आणले. डिरिक्ले यांनी १८२९ मध्ये परिमेय संख्यांना एक आणि अपरिमेय संख्यांना दुसरी ठरावीक किंमत देणारे फलन मांडले. त्याचा आलेख कागदावर काढता येत नाही, तरी ते निर्विवाद फलन आहे. क्रमित जोड्यांचा संच हे रूप हाउसडॉर्फ यांच्या १९१४ च्या ग्रंथात आढळते. या दृष्टीने ० आणि १ एवढ्याच प्रांतावर क्ष आणि क्ष² ही दोन सूत्रे एकच फलन देतात.